रात्रीच्या लढाऊ विमानाचा माग कसा काढायचा

दुसऱ्या महायुद्धातल्या एखाद्या नाइट फायटरचा शोध घ्यायला बसलं की हाताशी सुरुवातीला फार थोडं असतं. कबरीच्या दगडावरचं एक नाव, जुन्या अल्बममधला फोटो, नंबर कोरलेली ॲल्युमिनियमची पट्टी, नाहीतर कुठेतरी वाचलेलं एक वाक्य: 'प्रिंगने कलकत्त्यावर एका रात्रीत तीन जपानी बॉम्बर पाडले.' हे वाक्य खरं आहे. १५ जानेवारी १९४३ च्या रात्री रॉयल एअर फोर्सचा फ्लाइट सार्जंट मॉरिस प्रिंग ब्यूफायटर हे दोनआसनी लढाऊ विमान घेऊन उडाला आणि काही मिनिटांत तीन बॉम्बर त्याच्या नावावर जमा झाले. पण वाक्यात एकच माणूस आहे आणि विमानात दोघं होते. शिवाय विमानाचा नंबर नाही, वेळ नाही, तळ नाही. या एका वाक्यापासून पूर्ण, तपासता येईल असा इतिहास कसा उभा करायचा ते इथे क्रमाने मांडलं आहे. कलकत्त्याचं उदाहरण सोबतीला ठेवलं असलं, तरी इंग्लंड, इजिप्त किंवा सिलोनमधल्या ब्रिटिश नाइट फायटरलाही हीच रीत चालते.

मुळात हे तीन वेगळे शोध आहेत: यंत्राचा, माणसांचा आणि त्या रात्रीचा. प्रत्येक धागा स्वतःच्या कागदांवर उभा राहीपर्यंत एकमेकांत गुंफायचा नाही. बहुतेक चुका घाईने गाठ मारल्यामुळेच होतात.

पहिला कागद

एका कागदावर आठ रकाने आखा: तारीख, स्क्वॉड्रन, तळ, विमानाचा प्रकार व मार्क (त्या प्रकारातली आवृत्ती), नंबर, वैमानिक, नॅव्हिगेटर (मागच्या आसनावरचा दुसरा माणूस), शेवट काय झाला. प्रत्येक नोंदीपुढे ती कुठून मिळाली हे लिहा आणि तिची प्रत, म्हणजे दर्जा, ठरवा. तीन प्रती पुरतात: त्याच दिवशी लिहिलेला कागद, नंतर लिहिलेला कागद, ऐकीव. चार संकेतस्थळांवर एकच नंबर दिसला म्हणजे चार पुरावे झाले असं नव्हे. चौघांनी एकाच जुन्या पुस्तकातून उचललेलं असतं, आणि त्या पुस्तकात छपाईची चूक असली तर ती चौघांकडे इमानेइतबारे उतरलेली असते. अशा चार नोंदी एकच धरा.

रिकामा रकाना रिकामाच ठेवा. अंदाज लिहायचाच असेल तर पेन्सिलीने. सहा महिन्यांनी आपलाच अंदाज आपल्याला पुरावा वाटू लागतो.

तारीख आणि घड्याळ

दिवसाच्या लढाईत तारखेचा घोळ क्वचित होतो. रात्रीच्या लढाईत तो ठरलेलाच. रात्र दोन तारखांमध्ये विभागलेली असते, म्हणून जाणकार '१५/१६ जानेवारी' असं लिहितात. स्क्वॉड्रनचा कारकून मात्र मध्यरात्रीनंतरचं उड्डाण कधी आदल्या तारखेखाली घालतो, कधी पुढच्या. म्हणून कुठलीही नोंद शोधताना आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही दिवस वाचायचेच.

त्यानंतर घड्याळ. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारताचं घड्याळ आजच्यापेक्षा एक तास पुढे होतं, म्हणजे ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे. आजच्या साडेपाच तासांच्या हिशेबाने चंद्रोदय किंवा सूर्यास्त काढला तर सगळं तासाभराने चुकतं. जपानी सैन्याची कागदपत्रं टोकियोच्या वेळेवर चालत, ग्रिनिचच्या नऊ तास पुढे. दोन्हींत अडीच तासांचा फरक. कलकत्त्यात १५ तारखेचे रात्रीचे दहा वाजले की जपानी घड्याळात १६ तारखेचे साडेबारा झालेले असतात. तोच हल्ला एका बाजूच्या कागदात १५ ला आणि दुसऱ्या बाजूच्या कागदात १६ ला सापडतो, आणि नवखा माणूस ते दोन वेगळे हल्ले धरून बसतो.

इंग्लंडमधल्या विमानांसाठी वेगळा हिशेब. १९४१ ते १९४५ च्या उन्हाळ्यांत तिथे ग्रिनिचच्या दोन तास पुढे घड्याळ होतं आणि १९४०-४१ पासून युद्धकाळातल्या हिवाळ्यांतही ते एक तास पुढेच ठेवलेलं होतं. काही कागद स्थानिक वेळेत, काही ग्रिनिचच्या वेळेत लिहिलेले असतात. वेळेच्या मागे झेड अक्षर दिसलं तर ती ग्रिनिचची. आपल्या टिपणात स्थानिक, टोकियोची आणि ग्रिनिचची अशा तिन्ही वेळा शेजारी शेजारी लिहा, म्हणजे पुन्हा पुन्हा बोटं मोजावी लागत नाहीत.

चंद्र पाहायला विसरू नका. रात्री बॉम्ब टाकणाऱ्याला नदी आणि गोदी दिसावी लागते, आणि पाठलाग करणाऱ्याला शेवटच्या काही शे फुटांत समोरच्या विमानाची आकृती डोळ्याने ओळखावी लागते. इथे जुनं पंचांग उत्तम चालतं. कलकत्त्यावरचे रात्रीचे हल्ले २० डिसेंबर १९४२ ला सुरू झाले, तेव्हा दत्तजयंतीची पौर्णिमा दोन दिवसांवर होती. पौष पौर्णिमा २१ जानेवारी १९४३ ला आली. म्हणजे १५ तारखेला चंद्र अर्ध्याहून जास्त भरलेला आणि मध्यरात्र उलटल्यावर मावळणारा, तर १९ च्या रात्री जवळजवळ पूर्ण. एखाद्या आठवणीत १५ तारखेच्या पहाटे चारला 'टिपूर चांदणं' असेल, तर ती आठवण दुसऱ्या रात्रीची आहे असं समजा.

स्क्वॉड्रनची नोंदवही

सगळ्या कामाचा कणा म्हणजे ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक, बोलण्यात ओआरबी. लंडनच्या क्यू भागातल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात स्क्वॉड्रनच्या ओआरबी 'एअर २७' या मालिकेत आहेत आणि घरबसल्या उतरवून घेता येतात. मालिकांचे क्रमांक पाठ करून टाका, कॅटलॉगमध्ये वेळ वाचतो: स्टेशनांसाठी एअर २८, विंगसाठी एअर २६, ग्रूपसाठी एअर २५, प्रशिक्षण केंद्रांसारख्या सुट्या युनिटांसाठी एअर २९, लढाईच्या अहवालांसाठी एअर ५०.

ओआरबीचे दोन भाग असतात आणि ते बहुधा वेगवेगळ्या फाइलींत निघतात. फॉर्म ५४० हा दिवसावार गोषवारा: हवामान, बदल्या, पाहुणे, क्रिकेटचा सामना. फॉर्म ५४१ मध्ये प्रत्येक उड्डाण: विमानाचा नंबर, क्रू, कामगिरी, उड्डाणाची आणि उतरण्याची वेळ, शेरा. लोक एकच फाइल घेतात, तिच्यात नंबर नाही म्हणून हळहळतात. नंबर दुसऱ्या फाइलीत पडलेला असतो. ओआरबी नेहमी तीन महिन्यांची घ्या: घटनेचा महिना, आधीचा, नंतरचा. आधीच्या महिन्यात क्रू कधी आला ते कळतं, नंतरच्या महिन्यात दुरुस्त्या, पदकं आणि बेपत्ता माणसाची पुढची बातमी.

स्क्वॉड्रन नक्की कुठली हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. १७६ स्क्वॉड्रन जानेवारी १९४३ च्या मध्यावर कलकत्त्याजवळच्या डमडमला उभी राहिली ती इजिप्तमधल्या ८९ स्क्वॉड्रनच्या तुकडीतून. त्यामुळे त्या क्रूचा आधीचा सगळा काळ ८९ च्या वहीत आहे, आणि हस्तांतराच्या आठवड्यांत काही नोंदी एकीकडे, काही दुसरीकडे, काही कुठेच नाहीत. तुकडी मूळ तळापासून दूर असली की तिचे कागद वहीत उशिरा पोचतात, त्रोटक पोचतात. अशा वेळी स्टेशन, विंग आणि ग्रूप या तिन्हींच्या वह्या त्याच तारखेला उघडायच्या. तळाच्या वहीत 'अमुक वाजता दोन ब्यूफायटर उडाली' एवढं मिळालं तरी घड्याळ पक्कं होतं.

वाचताना भाषेची सवय लागायला दोन-तीन दिवस जातात. 'एनएफटी' म्हणजे रात्रीच्या कामाआधी दिवसाउजेडी घेतलेली चाचणी. ती लढाईची फेरी म्हणून मोजू नका. 'डीएनसीओ' म्हणजे कामगिरी पार पडली नाही. 'व्हेक्टर' म्हणजे जमिनीवरून दिलेली दिशा, 'एंजल्स' म्हणजे हजार फुटांत उंची. 'काँटॅक्ट' आणि 'व्हिज्युअल' यांतला फरक सगळ्यांत महत्त्वाचा: पहिला रडारच्या पडद्यावर, दुसरा डोळ्याने. रडार हे गुपित असल्यामुळे त्याला 'वेपन' म्हणत, आणि 'वेपन बेंट' याचा अर्थ तोफ वाकली असा नसून रडार बंद पडलं असा आहे. हा शब्दप्रयोग शब्दशः वाचून बिघाडाची भलतीच कहाणी रचलेली पाहायला मिळते. गाजरं खाऊन वैमानिकांची नजर तेज झाली ही कथाही याच गुप्ततेच्या आडोशाने पसरली. म्हणून त्या काळातल्या बातमीत 'तीक्ष्ण दृष्टी' आली की तिथे रडार वाचायचं.

विमानाचा नंबर

ब्रिटिश लष्करी विमानाला कारखान्यातच नंबर मिळे. आधी एक अक्षर आणि चार आकडे, ती मालिका संपत आल्यावर १९४० पासून दोन अक्षरं आणि तीन आकडे. ब्यूफायटर आर, टी, व्ही, एक्स अशा एकाक्षरी मालिकांतही भेटतात आणि दोन अक्षरांच्या मालिकांतही. हा नंबर विमानाचा जन्मभराचा. पंखामागे अंगावर रंगवलेली मोठी अक्षरं मात्र स्क्वॉड्रनची आणि बदलती. विमान गेलं की त्याचं अक्षर नव्या विमानाला मिळे. त्यामुळे जानेवारीतलं 'एम' आणि जूनमधलं 'एम' एकच असेल असं धरू नका. पूर्वेकडच्या स्क्वॉड्रनांत तर बरेचदा नुसतं एकच अक्षर रंगवलेलं दिसतं, त्यावरून स्क्वॉड्रन ओळखता येत नाही.

ओआरबीतल्या नंबरावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. टंकलेखकाने व्ही आणि एक्स यांची अदलाबदल केलेली असते, तीन आणि आठ पुसट कार्बन प्रतीत सारखे दिसतात, कधी शेवटचे तीनच आकडे लिहिलेले असतात. पडताळणीच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली: हा नंबर त्या प्रकारच्या विमानांना दिलेल्या गटात बसतो का? नंबरांच्या मालिकेत शत्रूला एकूण उत्पादन कळू नये म्हणून मुद्दाम मोकळ्या जागा सोडलेल्या होत्या. तुमचा नंबर त्या मोकळ्या जागेत पडत असेल तर तो चुकलाच. दुसरी: तोच नंबर त्याच महिन्यात त्याच वहीत आणखी कुठे दिसतो का? खरा नंबर आठ-दहा वेळा येतो, चुकीचा एकदाच. तिसरी: फॉर्म ७८.

फॉर्म ७८ म्हणजे विमानाचं हालचाल कार्ड. कारखान्यातून कधी निघालं, कुठल्या देखभाल युनिटात गेलं, कुठल्या स्क्वॉड्रनला मिळालं, कधी रद्द झालं. ही कार्डं लंडनच्या हेंडन इथल्या रॉयल एअर फोर्स म्युझियमकडे आहेत, तशीच अपघातांची फॉर्म ११८० ही कार्डंही. पत्र पाठवताना नंबर, प्रकार आणि तारीख एवढंच नेमकं विचारा. 'माझ्या माहितीसाठी सगळं पाठवा' असं लिहिलं की उत्तराला वेळ लागतो आणि तेही मोघम येतं.

कार्डावरच्या खुणा थोडक्यात: 'एफबी' शत्रूशी लढताना, 'एफए' उड्डाणातला अपघात, 'कॅट ई' पूर्ण निकामी, 'एसओसी' हिशेबातून कमी, 'एफटीआर' परत आलं नाही. आता गोम. इंग्लंडात राहिलेल्या विमानाचं कार्ड बऱ्यापैकी भरलेलं असतं. विमान समुद्रापार गेलं की कार्डावर 'मिडल ईस्ट' किंवा 'इंडिया' एवढा शिक्का उमटतो आणि पुढे एकदम हिशेबातून कमी केल्याची तारीख. ती तारीख कारकुनाची, विमानाची नव्हे. गणती करताना सापडलं नाही म्हणून महिन्यांनंतर एकगठ्ठा रद्द केलेली विमानं पुष्कळ आहेत. ओआरबीत १९ जानेवारीला पडलेलं विमान कार्डावर उन्हाळ्यात रद्द झालेलं दिसलं, तर त्यात विसंगती काही नाही. ओआरबीची तारीख धरा.

मार्कसुद्धा नीट लिहा. 'ब्यूफायटर सहा' पुरेसं नाही: मागे एफ असेल तर फायटर कमांडसाठीचा, सी असेल तर किनारी कमांडसाठीचा. फोटो असेल तर नाक पाहा. बाणाच्या टोकासारखी अँटेना आणि पंखांवर छोटे दांडे दिसले तर दीड मीटर लांबीच्या लहरींचं मार्क चार रडार. शिंप्याच्या अंगुस्तानासारखं फुगीर नाक असेल तर दहा सेंटिमीटरचं, नंतरचं. नाक संशयास्पद गुळगुळीत दिसलं तर बहुधा सेन्सॉरने अँटेना खोडून टाकली आहे. त्या फोटोवरून रडार नव्हतं असा निष्कर्ष काढायचा नाही.

दुसरा माणूस

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्यावा लागतो, कारण वैमानिकाचं नाव सापडतं आणि मागच्या आसनावरचा माणूस हरवतो. पदक वैमानिकाला, बातमी वैमानिकावर, अहवालावर सही वैमानिकाची. प्रत्यक्षात काळोखात शत्रू शोधून त्याच्या शेपटीपर्यंत विमान नेण्याचं काम मागचा करत होता. सुरुवातीच्या ब्यूफायटरमध्ये वीस मिलिमीटर तोफांचे साठ-साठ गोळ्यांचे ड्रम बदलणंही त्याच्याच गळ्यात होतं.

त्याचं पदनाम काळाप्रमाणे बदलत गेलं. आधी एअर गनर किंवा रेडिओ ऑपरेटर, मग ऑब्झर्व्हर (रेडिओ), १९४२ नंतर नॅव्हिगेटर (रेडिओ). नुसतं 'नॅव्हिगेटर' म्हणून शोधलं तर १९४१ चा माणूस सापडणार नाही.

जोडी गृहीत धरू नका, हा या कामातला मोठा नियम. ब्रिटिश नाइट फायटर वैमानिक जॉन कनिंगहॅम म्हटलं की मागच्या आसनावरच्या जिमी रॉन्स्लीचं नाव आपोआप येतं, आणि पुढे ती जोडी खरोखर प्रसिद्ध झाली. पण १९/२० नोव्हेंबर १९४० च्या रात्री कनिंगहॅमने रडारवर पकडून पहिलं विमान पाडलं तेव्हा मागे सार्जंट फिलिपसन होता. प्रिंगसोबत वॉरंट ऑफिसर फिलिप्स. चार रात्रींनी, १९ जानेवारीला, पेटलेल्या ब्यूफायटरमधून लढत राहिलेल्या ऑस्ट्रेलियन चार्ल्स क्रॉम्बीसोबत वॉरंट ऑफिसर मॉस. प्रत्येक रात्रीचा क्रू त्या रात्रीच्या फॉर्म ५४१ वरूनच घ्यायचा. तीच गोष्ट 'त्याचं विमान' या शब्दांची. क्रूला त्या संध्याकाळी जे विमान तयार असे ते मिळे. फोटोतलं विमान आणि लढाईतलं विमान एकच असल्याचा पुरावा फोटो देत नाही.

माणसाची ओळख नावाने नव्हे, सेवाक्रमांकाने पक्की होते. स्मिथ आणि फिलिप्स शेकड्यांनी आहेत. इथेही एक खाच आहे: हवाई दलात सार्जंटचा कमिशन मिळालेला अधिकारी झाला की क्रमांक बदलतो. प्रिंग जानेवारी १९४३ मध्ये फ्लाइट सार्जंट होता आणि मृत्यूच्या वेळी फ्लाइंग ऑफिसर, म्हणजे त्याचे दोन क्रमांक. दोन्ही जुळवायचे तर 'लंडन गॅझेट' हा सरकारी राजपत्राचा संग्रह ऑनलाइन आणि फुकट आहे. कमिशनच्या सूचनेत जुना क्रमांक बहुधा नव्यासोबत छापलेला असतो. गॅझेटची तारीख घटनेनंतर काही आठवडे ते काही महिने असू शकते, म्हणून शोध सहा महिने पुढपर्यंत ताणा. अधिकाऱ्यांसाठी युद्धकाळातल्या एअर फोर्स लिस्ट स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवल्या आहेत. इतर हुद्द्यांसाठी क्यूच्या एअर ७८ मालिकेतली नावांची सूची उपयोगी, पण तिच्या फाइली अवजड आहेत. मोबाइलच्या डेटावर उतरवायला बसू नका.

सेवाक्रमांकाआधी आर किंवा जे असेल तर माणूस कॅनडाचा (जे म्हणजे अधिकारी). ऑस्ट्रेलियन असेल तर नशीब उघडलं म्हणा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अधिकाऱ्यांच्या सेवाफाइली ए९३००, इतरांच्या ए९३०१ आणि जीवितहानीच्या फाइली ए७०५ मालिकेत आहेत. स्कॅन झालेल्या फाइली फुकट वाचता येतात. क्रॉम्बीचा माग म्हणूनच प्रिंगपेक्षा लवकर लागतो. तो ऑगस्ट १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियातच विमान अपघातात गेला. ब्रिटिश सेवाफाइली संरक्षण मंत्रालयाकडून क्यूला टप्प्याटप्प्याने हलवल्या जात आहेत, त्यामुळे अर्ज करण्याआधी क्यूच्या कॅटलॉगमध्ये नाव टाकून पाहा.

घरच्यांकडे लॉगबुक असेल तर ते सोन्यासारखं. वैमानिकाचं फॉर्म ४१४, इतर क्रूचं फॉर्म १७६७. रात्रीची उड्डाणं लाल शाईने लिहायची पद्धत होती, म्हणून काळी-पांढरी झेरॉक्स घेऊ नका. रंगीत स्कॅन किमान ३०० डीपीआयने मागा, आणि कोऱ्या वाटणाऱ्या शेवटच्या पानांसकट. बेरजा, शेरे आणि सह्या तिथेच असतात. दोघांचीही लॉगबुकं मिळाली तर ओळ न ओळ जुळवा. एका वहीत जे दिवसा आहे ते दुसरीत लाल असेल तर कुणीतरी नंतर बसून उतरवलेलं आहे. जोडी कुठे जमली हेही बघायचं असेल तर प्रशिक्षण केंद्राकडे वळा: नाइट फायटरसाठी ५४ ओटीयू (ऑपरेशनल ट्रेनिंग युनिट), आधी चर्च फेंटन आणि १९४२ पासून चार्टरहॉल. त्याची वही एअर २९ मध्ये.

ती रात्र

लढाईचा अहवाल एअर ५० मध्ये शोधा. सगळे उरलेले नाहीत. सापडला तर आधी भूमितीने तपासा. मार्क चार रडारला जमिनीवरून परत येणाऱ्या लहरींमुळे स्वतःच्या उंचीएवढ्या अंतरापलीकडचं दिसत नसे. १५,००० फुटांवर असलेल्या विमानाला जेमतेम तीन मैल. अहवालात ५,००० फुटांवरून चार मैलांवर काँटॅक्ट मिळाल्याचं लिहिलं असेल, तर उंची चुकली आहे किंवा रडार दुसरं आहे.

मग 'पाडलं' या शब्दाचा हिशेब. दावे तीन प्रकारचे: नष्ट, बहुधा नष्ट, नुकसान. दावा आणि शत्रूचं प्रत्यक्ष नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या दोन रकान्यांत लिहा. खोटेपणाचा इथे फारसा संबंध नसतो. काळोखात इंजिन पेटलेलं दिसतं, विमान ढगात जातं, आणि विमानविरोधी तोफाही त्याच विमानावर हक्क सांगतात. शत्रूच्या बाजूसाठी जपानच्या आशियाई ऐतिहासिक अभिलेख केंद्राचा ऑनलाइन संग्रह आहे. शोधताना विमानाचं मित्रराष्ट्रांनी ठेवलेलं टोपणनाव चालणार नाही. 'सॅली' नव्हे, 'की-२१'. तुकडीसाठी 'सेंताई' हा शब्द. जपानी सैन्याने शरणागतीच्या वेळी कागद मोठ्या प्रमाणावर जाळले, त्यामुळे तिथे काही न मिळणं हा दावा खोटा असल्याचा पुरावा नाही.

वर्तमानपत्रं वाचा, पण सेन्सॉरची कात्री लक्षात ठेवून: तळ, स्क्वॉड्रन, नुकसान यातलं काहीही छापलं जात नसे. नाव मात्र बरेचदा छापत, कारण वीर हवे होते. ऑस्ट्रेलियाचं 'ट्रोव्ह' आणि न्यूझीलंडचं 'पेपर्स पास्ट' फुकट आहेत. मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या 'ग्रंथ संजीवनी' या डिजिटल संग्रहात जुनी वर्तमानपत्रं पाहता येतात. बातमी घटनेनंतर चार दिवस ते दोन आठवडे या टप्प्यात शोधा.

आणि फक्त ब्यूफायटर शोधत बसू नका. १७६ स्क्वॉड्रनकडे १९४३ मध्ये काही काळ एकआसनी हरिकेनही होती. प्रिंग डिसेंबर १९४३ मध्ये कलकत्त्यावरच्या दिवसाच्या हल्ल्यात हरिकेन उडवताना मारला गेला. जो 'रात्रीचा वैमानिक' एवढीच खूणगाठ बांधून बसेल त्याला तो शेवट सापडणारच नाही.

कबर आणि स्मारक

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव टाका. दगडाचा फोटो पाहून थांबू नका. त्याच पानावर नोंदणीचे मूळ कागद जोडलेले असतात. त्यात सामूहिक कबर आहे का, आधी कुठे पुरलं होतं, नंतर कधी हलवलं हे मिळतं. क्रूमधल्या दोघांच्या कबरी लागोपाठच्या क्रमांकाच्या असतील तर मृतदेह एकत्र सापडले असण्याची शक्यता मोठी. भारत-ब्रह्मदेश आघाडीवर बेपत्ता झालेल्या वायुसैनिकांची नावं सिंगापूर स्मारकावर आहेत, रंगूनच्या नव्हे. इंग्लंडच्या तळांवरून गेलेल्यांची रनीमीडला. खडकीच्या युद्धसमाधीत पश्चिम आणि मध्य भारतातल्या कबरी एकत्र आणलेल्या आहेत, तेव्हा तिथलं नाव म्हणजे मृत्यू पुण्यात, असं समजू नका.

दफनाच्या चर्च-नोंदी ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस संग्रहात आहेत: बंगाल एन/१, मद्रास एन/२, मुंबई एन/३. त्यांत मृत्यूचं कारण एका शब्दात का होईना दिलेलं असतं.

सापडलेला तुकडा

आधी सुरक्षितता. वीस मिलिमीटरची गोळी गंजलेली असली तरी जिवंत असू शकते. हात लावायचा नाही, घासायची नाही, घरी न्यायची नाही, पोलिसांना कळवायचं. ब्रिटनमध्ये लष्करी विमानाचे अवशेष १९८६ च्या कायद्याने संरक्षित आहेत आणि परवान्याशिवाय खणता येत नाही. मानवी अवशेष दिसले की काम तिथेच थांबवायचं, देश कुठलाही असो.

पट्टीवरचे आकडे वाचताना लोखंडी ब्रश वापरू नका. मऊ ब्रश, साधं पाणी, मग बाजूने तिरपा उजेड टाकून फोटो. वर कागद ठेवून पेन्सिल घासली तरी छाप उठतो. भागाच्या क्रमांकाची सुरुवात पाहा: १५६ ने सुरू होत असेल तर ब्यूफायटर (ब्रिस्टलचा टाइप १५६), ९८ ने असेल तर मॉस्किटो हे दुसरं नाइट फायटर (डी हॅविलंडचा ९८). पण हा भागाचा नंबर, विमानाचा नव्हे. तो हजारो विमानांत सारखाच. विमानापर्यंत पोचायचं तर इंजिनाचा क्रमांक किंवा बनावटीच्या पट्टीवरचा अनुक्रमांक हवा. मॉस्किटो लाकडी असल्यामुळे दमट हवेत तिचं अंग कुजून जातं आणि मागे इंजिनं, तोफा, चाकांचे पाय एवढंच उरतं. ढिगारा छोटा दिसतो म्हणून विमान छोटं होतं असा निष्कर्ष काढू नये.

नोंदी ठेवणं

फाइलचं नाव तारखेने सुरू करा: वर्ष, महिना, दिवस, मग मालिका, मग पान. मूळ प्रतिमेवर काही लिहू नका, छाटणी वेगळ्या प्रतीवर करा. मजकूर उतरवताना चुकीचं स्पेलिंगही जसंच्या तसं उतरवा आणि तुमची दुरुस्ती चौकटी कंसात द्या. अभिलेखागाराच्या प्रतिमा प्रसिद्ध करायच्या असतील तर त्यांची परवानगीची अट आधी वाचा. माहिती वापरायला हरकत नसते, प्रतिमेला असते.

वैमानिकाच्या किंवा नॅव्हिगेटरच्या घरच्यांना काही कळवणार असाल तर फक्त पहिल्या प्रतीचे पुरावे पाठवा, कागदाच्या प्रतीसह. पेन्सिलीने लिहिलेलं स्वतःजवळ ठेवा. आणि पाठवण्यापूर्वी पहिला कागद पुन्हा काढून सातवा रकाना पाहा: नॅव्हिगेटर. तो रिकामा असेल तर पाकीट बंद करू नका, ८९ ची वही पुन्हा उघडा.